शिवराक फवारा

आमच्या खळ्यातला एक फवारा सोमवार पाळायचा. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. तिथे आम्ही हिरवळ लावली होती आणि तिला पाणी द्यायला जमिनीतून आपोआप डोकं वर काढणारे फवारे बसवले होते. बाकीचे फवारे रोज सकाळी आठच्या सुमारास शहाण्यासारखे उठत, गोल फिरत पाणी उडवत आणि वेळ झाली की परत खाली बसत. ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्या झाडाखालचा हा एक मात्र आठवडाभर जमिनीत तोंड खुपसून असायचा आणि सोमवारी सगळ्यांच्या बरोबरीने उठायचा. ज्या दिवशी आमच्या चुलीवर मासे नाहीत त्या दिवशी याला तरतरी. बिनमाशाच्या जेवणाला आमच्याकडे शिवराक म्हणतात, म्हणून मी त्याचं नाव शिवराक फवारा ठेवलं होतं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. कारणाशिवाय काही घडत नाही, हे मी बापाला शिकवलं आणि मग त्याच्या पोरालाही शिकवलं, इतकी वर्षं त्या शाळेत काढली. त्यामुळे रबर आणि प्लॅस्टिकच्या एका तुकड्याला सोमवार कळतो, हे मला झेपेना. आणि कारण सापडत नव्हतं म्हणून झोपही नीट लागेना.

हिरवळीचं खूळ आमच्या ह्यांचं. हे जहाजावर फिटर होते. इंजिनाच्या खोलीत, तेलात आणि उकाड्यात सगळा जन्म गेला. आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, पण दोघं एका छपराखाली राहिलो ते महिने जोडले तर संसार अजून कोवळाच म्हणायचा. कुठल्याशा परक्या बंदरात खलाशांच्या विश्रामगृहापुढे गवताचा एक गालिचा होता. त्यावर हे एकदा बूट काढून बसले. तेवढं मनात राहिलं. निवृत्त होऊन घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, खळ्यात हिरवळ करायची.

मी हसले. सगळी वाडी हसली. पावसाळ्यात आमच्याकडे गवत कौलावरसुद्धा उगवतं. ते उपटता उपटता आमच्या कंबरा मोडतात, आणि हे गृहस्थ गवत विकत आणून लावणार. शिवाय खळं हे सारवायचं असतं. तिथे भात वाळतं, कोकमाची सोलं वाळतात, पापड वाळतात. शेजारी आमचे चुलत सासरे राहतात, त्यांना जिभेला हाड नाही. ते म्हणाले, “आता म्हशी पण हाडा, म्हंजे झाला.” ह्यांनी म्हशी आणल्या नाहीत, पण गवताचं खूळही सोडलं नाही. निम्मं खळं माझ्या वाळवणाला ठेवलं आणि निम्म्यात गवत लावलं. नळ्या स्वतः पुरल्या, विहिरीवरच्या पंपाला घड्याळ जोडलं, फवारे बसवले. दिवाळीपर्यंत हिरवळ इतकी छान धरली की हसणारे लोक पाहुण्यांना दाखवायला आणू लागले.

आणि दिवाळीतच मुंबईहून एजंटाचा फोन आला. एका जहाजाला जुना, हाताने काम करणारा फिटर हवा होता. वयाचं वगैरे बघून घेता येईल असं तो म्हणाला. मी आत आडाळ्यावर बसून नारळ खवत होते. हे पडवीत फोनवर बोलत होते, सगळं ऐकू येत होतं. ह्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, “हय एक काम काढलंय. ता होवंदे, मगे सांगतंय.” माझा हात आडाळ्यावर थांबला.

मग मी पुन्हा खवायला लागले. निघणाऱ्याला अडवायचं नाही, ही बोटीवरच्या माणसांच्या बायकांची जुनी शिस्त. डोळ्यात पाणी आणलं तर अपशकुन, आणि नको जाऊ म्हटलं तर पोटावर पाय. ती शिस्त मी इतकी वर्षं पाळली की आता मोडता येईना. पण मला ते जायला नको होते. त्यांची साखर वर गेली होती, गुडघे कुरकुरत होते. आणि सकाळचा चहा दोन कपांचा व्हायला लागला होता, त्याची मला सवय लागली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण खरं कारण ते होतं.

तेव्हा माझं गणित सोपं झालं. काम म्हणजे फवारे. फवारे बिघडलेले असतील तोवर हे घरात. त्या वर्षी देवाला मी जेवढे दिवे लावले, त्यातले निम्मे ते फवारे बिघडावेत म्हणून असावेत.

आणि ते बिघडलेही. आधी घड्याळ. आमच्याकडे लाईट जाते तशी येते, येते तशी जाते. ती गेली की घड्याळ सगळं विसरायचं आणि परत आली की आपल्याच मनाने दिवस सुरू करायचं. एकदा भर दुपारी फवारे उठले आणि गवतातून माझ्याकडे विळा मागायला आलेले चुलत सासरे धोतरासकट भिजले. ह्यांनी घड्याळ उघडलं, तेव्हा आतला सेल मेला होता, म्हणून लाईट गेल्यावर घड्याळाला आधार नव्हता. नवा सेल कुडाळहून आला. मग पाणी मंद झालं. विहिरीला जांभ्याची तांबडी माती, तिने पाणी गाळायची जाळी चोंदली होती. ती धुतली. मग एका फवाऱ्याच्या भोकात मुंग्यांनी घर केलं. प्रत्येक वेळी हे पंच्यावर सुटे भाग मांडून बसत. हाताला तेल लागलं की ह्यांचा चेहरा उजळतो. मी चहा नेऊन द्यायची, शेजारी बसायची, आणि हा भाग कशाला, ही स्प्रिंग काय करते, पाणी सरळ न जाता कमान का करतं असं विचारत राहायची. हे सांगायचे. माणसांशी कमी बोलणारा हा माणूस यंत्राबद्दल तासभर बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

पण ओवळीखालच्या फवाऱ्याने आम्हा दोघांनाही दाद दिली नाही. त्याच्या कोपऱ्यातलं गवत पिवळं पडू लागलं. ह्यांनी तो काढला, धुतला, स्प्रिंग बदलली, परत बसवला आणि पंप चालू केला. फवारा टुणकन उठला. दुसऱ्या दिवशी बघावं तर कोपरा कोरडा ठणठणीत. असं पुन्हा पुन्हा झालं. “माझ्या समोर चलता आनी पाठ फिरवलंय की झोपता,” हे म्हणाले. बिघाड मुळाशीच असणार असं त्यांचं मत, म्हणून रोज आठ वाजता ते घरामागे विहिरीवर, पंपाच्या दाबाच्या काट्याकडे टक लावून उभे राहायचे. काटा जागचा हलत नव्हता.

सोमवारचं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, कारण सोमवारी सकाळी मी रिकामी असते. मासे घ्यायचे नसतात, साफ करायचे नसतात. कप घेऊन पडवीत बसले होते आणि बघते तर ओवळीखालचा फवारा उभा, कमान करून पाणी उडवतोय. पुढच्या सोमवारीही तेच. ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला. म्हणाले, घड्याळात वारांची काहीतरी गडबड असणार. त्यांनी घड्याळाचे सगळे वार तपासले. सगळे सारखे निघाले.

मग मार्गशीर्ष लागला. आमच्या वाडीत मार्गशीर्षातले गुरुवार बायका कडक पाळतात. आणि फवारा गुरुवारीही उठू लागला. मग संकष्टीला उठला. संकष्टी काय, ती कुठल्याही वाराला येते, ती घड्याळात भरता येत नाही. मार्गशीर्ष संपला, आम्ही गुरुवारी बांगडे खायला लागलो, आणि फवारा गुरुवारचा परत झोपायला लागला. मी चुलीवरच्या टोपात बघून सांगू शकत होते की आज कोपरा भिजणार की नाही. टोपात डाळ असेल तर ओला, माशाची कढी असेल तर कोरडा. सगळ्या जन्मात मी इतका नेमका प्रयोग केला नव्हता, आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

चुलत सासऱ्यांना अर्थ लगेच लागला. ओवळीच्या बुंध्याशी एक ओबडधोबड दगड आहे, तो आमचा जागेवाला. जागेवाला म्हणजे त्या जागेची राखण करणारा देव. प्रत्येक घराला असतो. त्याला रोज दिवा, आणि वर्षातून एकदा राखण, म्हणजे नारळ ठेवून गाऱ्हाणं आणि वाडीला जेवण. त्याच्या हातभर अंतरात जमिनीला लोखंड लावायचं नाही, असा माझ्या सासूबाईंचा दंडक होता. हे जगभर फिरले, पण आईचा शब्द मोडायची ह्यांची छाती नाही. म्हणून नळ्या पुरताना सगळीकडे कडक नळी खोल खणून घातली, आणि दगडाजवळ मात्र न खणता मऊ काळी नळी जमिनीवरूनच वळसा देऊन नेली. तिला धक्का लागू नये म्हणून वर जांभ्याचा एक सपाट चिरा टाकला. त्या नळीच्या टोकाला हा फवारा होता.

“जागेवाल्याक इचारलास?” चुलत सासरे म्हणाले. “तेका मासे चलनत नाय. तो तुमका दाखवता हा.” मी म्हटलं, राखणीला तोच जागेवाला कोंबडा घेतो, त्याला बांगड्याचा विटाळ कुठून होणार? त्यावर ते म्हणाले की हेडबाईंशी कोण वाद घालणार. मी हेडबाई कधीच नव्हते. पण ह्यांनी त्या दिवशी दिवा लावताना जरा जास्त वेळ हात जोडलेले मी पाहिले.

उत्तर सापडलं ते सुक्या बांगड्यांमुळे. पौषात एका बुधवारी आमची मासेवाली आली नाही. तिच्या बहिणीकडे कार्य होतं. ती रोज पावणेआठला स्कूटरवरून येते, मागे बर्फ आणि माशांची मोठी पेटी. वाडीतल्या सगळ्या बायका आमच्या ओवळीच्या सावलीत तिच्याभोवती जमतात, मासे निवडतात, आणि जगाच्या बातम्या तिथेच कळतात. ती नाही म्हणून मी सुके बांगडे भाजले. घरभर वास सुटला होता. हात धुऊन चहा घेऊन पडवीत आले आणि ओवळीखालचा फवारा समोर उभा होता.

मी कप खाली ठेवला. घरात सुक्या बांगड्याचा वास आणि शिवराक फवारा चालू. म्हणजे तो शिवराक नव्हता. सोमवारी काय नसतं? मासे नसतात. पण आज मासे होते. मग सोमवारी आणखी काय नसतं? आणि आज काय नाही? मला एकदम हसू आलं, कारण उत्तर मी रोज सकाळी अर्धा तास भाव करत ज्याच्याजवळ उभी राहते तेच होतं. सोमवारी मासेवाली नसते. तिच्याइतकं आमच्या वाडीचं पंचांग कुणाला पाठ नाही. कुठल्या दिवशी आमच्याकडे यायचं नाही हे तिला बरोबर कळतं.

मी तशीच भिजत ओवळीखाली गेले. चिऱ्यावर स्कूटरच्या स्टँडने झिजून दोन खळगे पडले होते. हिरवळीत स्टँड रुततं, म्हणून ती रोज गाडी त्या घट्ट चिऱ्यावर उभी करायची. गाडी, बर्फ, पेटी, सगळा भार चिऱ्यावर, आणि चिऱ्याखाली ती मऊ नळी. गाडी उभी असेपर्यंत नळी दबलेली. ती निघून गेली की नळी परत फुगणार आणि फवारा चालू, पण तोवर आठची वेळ टळून गेलेली. मग हे विहिरीवरून येऊन तपासणार, तेव्हा सगळं ठीक. मी चिऱ्यावर उभी राहिले. मी काही हलकी नाही. फवारा हळूच खाली बसला. मी उतरले, तो उठला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी ते पुन्हा पुन्हा केलं. आम्ही सगळ्या बायका रोज फवाऱ्यापासून दोन हातांवर उभ्या राहायचो आणि आपण कोरड्या कशा राहतो हा प्रश्न आमच्यातल्या एकीलाही पडला नव्हता. विज्ञानाची बाई धरून.

आता विहिरीवर पळत जाऊन ह्यांना सांगायचं, एवढंच उरलं होतं. मी पाऊल उचललं आणि थांबले. काम होवंदे, मगे सांगतंय. काम आता झाल्यातच जमा होतं. मग एजंटाला फोन, मग बॅग, मग रिकामी पडवी. मी पदराने तोंड पुसलं, आत गेले आणि सोलकढी करायला घेतली.

पुढचे काही दिवस मला फार जड गेले. उत्तर पोटात ठेवायची मला सवय नाही. वर्गात एखादं पोर उत्तराच्या जवळ घुटमळायला लागलं की मला धीर धरवत नसे. आणि इथे हे रोज विहिरीवर उभे, रोज नळ्या उघडतायत, आणि मी मासेवालीच्या गाडीपाशी उभी राहून त्या चिऱ्याकडे बघतेय. स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. ह्यांनी ते मुकाट्याने खाल्लं, म्हणून मला आणखी राग आला. स्वतःचाच.

एका दुपारी हे पडवीत बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्रावर तो फवारा खोलून ठेवलेला, पण हात गुडघ्यावर. मी चहा ठेवला तरी उचलला नाही. म्हणाले, एजंटाचा पुन्हा फोन आला होता, त्याला येतो म्हणून सांगून टाकणार आहे.

“काम खंय झाला?” मी विचारलं.

“जावंदे ता काम. होवचा नाय ता,” हे म्हणाले. मग त्यांनी सुट्या भागांतली स्प्रिंग उचलली आणि परत ठेवली. “बोटीर खराब इंजिन माझ्या हातान चालू झाला नाय, असा कधी झाला नाय. आनी हय एक नळी माका जुमानत नाय. हय माझा कायच चलना नाय गो. ह्या घरात मी पावणोच.”

 मी समजत होते की बिघडलेला फवारा ह्यांना घरात धरून ठेवतोय. तो तर ह्यांना रोज थोडा थोडा घराबाहेर ढकलत होता. ज्या माणसाला हाताने केलेलं काम हीच आपली ओळख, त्याच्या हातून त्याच्या स्वतःच्या खळ्यात काम होत नाही, हे त्याला किती लागत असेल, याचा मी विचारच केला नव्हता. मी आपली चहा देत आणि दिवे लावत बसले होते.

“फाल्या सकाळी आठ वाजता पंपाकडे जाव नकात,” मी म्हटलं. “ओवळीखाली येवा. माका तुमका कायतरी दाखवूचा आसा.”

दुसऱ्या दिवशी हे आले. बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष, त्यामुळे अवघडून उभे होते. बायका पेटीत वाकून सौंदाळे निवडत होत्या. चुलत सासरेही आपले काठी टेकत आले, कारण आमच्या खळ्यात काही होणार असेल तर ते त्यांच्याशिवाय होत नाही. घरामागे पंप सुरू झाल्याचा आवाज आला, लांबचे फवारे उठले, हा मात्र गप्प. मी मासेवालीला म्हटलं, गाडी जरा पुढे घे. तिने स्टँड काढलं. चिरा हलका झाला आणि बायकांच्या अगदी मधोमध फवारा उठला. पळापळ झाली. कुणाचे केस, कुणाचा पदर, पेटीतला बर्फ, सगळ्यांवर सारखं पाणी. एक बाई सौंदाळे छातीशी धरून ओवळीमागे लपली.

हे भिजत तसेच उभे. चिऱ्याकडे बघितलं, स्कूटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग चिऱ्यावर चढले. फवारा बसला. उतरले. उठला. आणि हे हसायला लागले. घरी आल्यापासून असं पोट धरून हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

मासेवाली तोंड पुसत विचारती झाली, “म्हंजे ह्यो चिरो तुमी माझ्या गाडयेसाठी नाय घातलास?” तिला इतके दिवस वाटत होतं की गाडी चिखलात रुतू नये म्हणून ह्यांनी मुद्दाम सोय करून दिलीय. ती वाडीभर तसं सांगत होती, बोटीवरचा माणूस पण किती माणुसकीचा. हे जरा लाजले. मग म्हणाले, चिरा तिथेच राहील आणि गाडीही तिथेच राहील. फवाऱ्याची वेळ सकाळी लवकर घेऊ, आणि चिऱ्याखाली मऊ नळीच्या जागी कडक नळी पुरू.

पुरू म्हटल्यावर सगळे दगडाकडे बघायला लागले. पुरायचं म्हणजे जागेवाल्याच्या पायाशी खणायचं. त्याला विचारल्याशिवाय कुदळ लावता येत नाही. राखण त्याच आठवड्यात करायची होती, तेव्हा गाऱ्हाण्यात विचारून घ्यावं असं ठरलं. इतकी वर्षं हे बोटीवर, म्हणून आमच्या घरचं गाऱ्हाणं चुलत सासरेच घालत आले होते. त्यांचा आवाज खणखणीत, शब्द तोंडपाठ. पण ह्या वेळी त्यांनी हात वर केले. “मी कित्याक घालू? घरचो माणूस घरात आसा.”

ह्यांना घाम फुटला. राखणीच्या दिवशी सकाळपासून विहिरीवर एकटेच काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं तर म्हणाले, पंप बघतोय.

ओवळीखाली माणसं जमली. दगडापुढे केळीच्या पानावर नारळ ठेवला. पुरुष पुढे, आम्ही बायका पडवीच्या पायरीवर, अशी आमच्याकडची रीत. गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मांडतो आणि जमलेले पुरुष एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे डोकीला टॉवेल गुंडाळून उभे राहिले. आधी खाकरले. मग सुरुवात केली.

“बा जागेवाल्या म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या फुडे नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घी.”

“व्हय म्हाराजा!”

“तुझ्या पायाकडे वायच माती खणूची आसा. पाण्याची नळी घालूची आसा. लोखंड लागला म्हणान राग धरू नको. काय चुकला माकला तर पदरात घी.”

“व्हय म्हाराजा!”

इथे संपायला हवं होतं. चुलत सासरे नारळ उचलायला वाकलेही. पण हे हात जोडून तसेच उभे होते. इतकी वर्षं माझ्याशी ते कधी बोटीवरून पत्रात, फोनवर किंवा समोर बसून आपल्या मनातलं बोलले नव्हते. आणि आता सगळ्या वाडीपुढे, दगडाकडे बघत, बोलले.

“आनी म्हाराजा, ह्या लेकरू जल्मभर पाण्यार भटाकला. माझी बायल एकटी ह्या घर राखीत रवली. आता ह्या लेकराक खंय धाडू नको. हयच ठेव रे म्हाराजा.”

पुरुष गोंधळले. असलं मागणं गाऱ्हाण्यात कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा सूर क्षणभर चुकला. त्या क्षणात पायरीवरून आवाज गेला, “व्हय म्हाराजा!” तो माझा होता. बायकांनी म्हणायची रीत नाही, पण तोपर्यंत मी म्हणून बसले होते. मागून सगळ्यांनी म्हटलं. मासेवालीनेही म्हटलं, तिची गाडी चिऱ्यापासून लांब उभी होती. चुलत सासरे नारळ हातात धरून माझ्याकडे बघत होते. 

ह्यांनी डोकीचा टॉवेल सोडून कमरेला बांधला आणि कुदळ घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “फोन पडयेर आसा. वाजलो तर तूच घी. सांग, काम चालू आसा.”

फोन वाजला तेव्हा मी पाहुण्यांना पानं मांडत होते. एजंट होता. मी शाळेतल्या आवाजात सांगितलं की ते घरी आहेत आणि कामात आहेत. काम कधी आटपेल, त्याने विचारलं. मी बाहेर बघितलं. हे ओवळीखाली गुडघ्यापर्यंत मातीत बसले होते आणि नळीचा सांधा नीट बसतोय की नाही ते हात आत घालून चाचपत होते.

“हे काम काही संपणारं नाही,” मी म्हटलं. “तुम्ही दुसरा फिटर बघा.”